अर्जुनाखालची पाणमांजर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट कळत नाही.

सिंदेवाहीकडच्या आमच्या गावात तलावामागे दलदल होती. गुडघाभर पाणी, आपोआप उगवणारं देवधान, लव्हाळा. माझी मैत्रीण रुखमा तिथे झिंगे धरायची, मीही सोबत जायची. एका सकाळी तिने माझा हात धरून मला थांबवलं. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाच्या मुळांखालच्या बिळातून पाणमांजर बाहेर आली, मागे पिल्लं. एक पाण्याला घाबरत होतं. आईने त्याला मानेला धरून पाण्यात नेलं. मी पाहिलं ते. अगदी स्पष्ट पाहिलं.

दलदल गावाची, पण लागून माझ्या भावाचं शेत. त्याला ती बुजवून धानाची बांधी करायची होती. ग्रामसभेत रुखमा एकटी विरोधात उभी राहिली. मासोळी त्या उथळ पाण्यातच अंडी घालते, पाणमांजर तिथेच पिल्लं वाढवते, बुजवलं तर दोन्ही जातील, म्हणाली. लोक हसले. इथे कुठली पाणमांजर?

तिने माझ्याकडे बोट केलं. "हे होती माह्यासंगं. हिले इचारा."

भावाने आधीच शब्द दिला होता — अर्जुनाकडचा काठ न बुजवता सोडतो, तू फक्त गप्प राहा. पण मी गप्प तरी कुठे राहिले?

"मी तं काई नाई पाह्यलं," मी म्हणाले.

रुखमा माझ्याकडे पाहत राहिली. मग खाली बसली.

जेसीबी आला. भावाने काठ सोडला नाही, अर्जुनही पाडला. मी जाब विचारला तर म्हणाला, "तूच तं म्हनली, तिथी काई नाई." सख्ख्या भावाने फसवलं म्हणून मी रडले. आणि मी काय केलं होतं?

अजून एक राहिलं — हेच जड जातं. चार दिवसांनी नव्या बांधावर मला एक पिल्लू सापडलं, कुत्र्यांनी फाडलेलं. लपायला जागाच उरली नव्हती त्यांना. ते रुखमाला दाखवायला हवं होतं, गावाला दाखवायला हवं होतं. कुणी यायच्या आत मी ते चिखलात पुरलं.

पाणमांजर पुन्हा दिसली नाही. तलावातली मासोळीही घटली. रुखमाचं नाव मात्र गावाने 'पाणमांजरवाली' ठेवलं. ती काही सांगायला लागली की बाया हसतात. परवा बोअरिंगवर हसल्या. तिने हंडा उचलला.

मीही हसले.