माझ्या नायिकेचं भाषण

चार वर्षं मी एका बाईला पुढारी करतोय आणि ती काही केल्या होत नाही. बँकेतून रिटायर झाल्यावर कादंबरी लिहायला घेतली. नायिका मुन्शी घाटाजवळच्या आमच्याच गल्लीतली, श्राद्धासाठी काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचा सोवळ्यातला स्वयंपाक करणारी. पहाटे उपाशीपोटी गंगेच्या घागरी पायऱ्यांवरून वर आणायच्या, मग चूल. आठ प्रकरणं झकास झाली. नवव्यात तिनं गल्लीतल्या सगळ्या स्वयंपाकिणींना घाटावर जमवून भाषण करायचं होतं, की यापुढे घागरी पुरुषांनी आणाव्यात. ते भाषण मी अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा ती आमच्या युनियनच्या सेक्रेटरीसारखी बोलली. नुसता वैताग. एकदा पानं फाडली आणि मग संध्याकाळभर चिकटवत बसलो.

शेवटी ते प्रकरण वहिनींना वाचून दाखवलं. घरात मराठी ऐकायला दुसरं उरलंय कोण? मुलं हिंदीत बोलतात. शिवाय दादा, माझा थोरला भाऊ, यात्रेकरूंची श्राद्धं चालवायचा आणि त्याच्या यजमानांसाठी वहिनींनी तीस वर्षं हाच स्वयंपाक केलेला. नायिकेचं काम मी त्यांच्यावरूनच उचललं होतं. त्या मेथी निवडत ऐकत होत्या.

"भाऊजी, ही भाषण कशाला देते?"

"पुढारी आहे ती."

"फुरसत कुठली तिला? मतलब, अकरा वाजता बाई चुलीपुढे असते. तिनं बस एवढंच म्हणायचं, मला शिवलं कुणीतरी."

मला क्षणभर कळेना. सोवळ्यातल्या बाईला कुणाचा हात लागला, की तिनं पुन्हा अंघोळ करायची, नवं पाणी आणायचं, स्वयंपाक पहिल्यापासून. एकीला शिवलं तर एक घर खोळंबतं. गल्लीतल्या सगळ्यांनाच एका वेळी शिवलं तर? पानं मांडलेली, ब्राह्मण ताटकळलेले, आणि 'खोटं बोलतेस' म्हणायची एकाही पुरुषाची छाती नाही. खरंच शिवलं असेल तर श्राद्धच बाटायचं.

"दोन दिवस असं केलं," वहिनी म्हणाल्या, "की तिसऱ्या दिवशी बाईची पाण्याची खेप वाचवायला पुरुषच घागरी घेऊन घाटावर."

मला चक्क राग आला. मी चार वर्षं डोकं फोडतोय आणि यांनी मेथीची जुडी संपायच्या आत माझं प्रकरण निकालात काढलं!

"हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचायचं काय त्यात? केलं होतं आम्ही. तुम्ही बी.ए.ला होता."

दादाला घागरी आणताना मी कित्येक वर्षं पाहिलं होतं. तो व्यायामासाठी आणतो असं वाटायचं. त्यावरून त्याची टिंगलही करायचो.

"पहिल्या दिवशी जेवायला चार वाजले," वहिनी म्हणाल्या. "यजमान गप्प, भटजी गप्प. ताट कुणी आपटलं होतं, आठवतंय?"

आठवत होतं. मीच आपटलं होतं, आणि अंगणभर सांडलेला भात वहिनींनी वाकून एकटीनं गोळा केला होता.