तळ्याकडे पाठ

"बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. आणखी काय हवंय तुला, आई?"

"तिकिटाच्या खिडकीतून दिसतं काय? लोकांचे हात."

"आणि आत्ता काय दिसतं? चित्राकडे पाठ करूनच तर उभी असतेस."

लेकीचं खोटं नव्हतं. संग्रहालयातल्या पहारेकरणीनं नजर माणसांवर ठेवायची, चित्रांवर नाही, असा नियमच होता. बागेतल्या तळ्याचं ते भिंतभर चित्र आईनं पाहिलं ते लोकांच्या तोंडांवर. तावातावानं भांडत आलेली जोडपी तिच्या मागे बघत आणि आवाज खाली येई. एक खाटीक दर सुट्टीला येऊन नुसता उभा राही. जाताना हिलाच मान लववून जाई, जणू तळं हिनंच खोदलंय. झाडलोट करताना ती जवळ जाई तेव्हा मात्र नुसते रंगाचे फराटे. कुणीतरी ब्रश पुसून ठेवल्यासारखे.

गेल्या आठवड्यात दालन डागडुजीसाठी बंद होतं. माणूसच नाही, तर नजर कुणावर ठेवणार? ती वळली. एक पाऊल मागे सरली. फराटे हलले. आणखी मागे. जांभळ्या-हिरव्या ठिपक्यांतून पाणी वर आलं, पाण्यावर कमळाची पानं पसरली आणि पानांखाली, खूप खोल, ढगांसकट आभाळ. मागे सरता सरता, जन्मभर लोकांना "दोरीपासून लांब राहा" म्हणून दटावणारी ही बाई मागच्या भिंतीवरल्या चित्रापुढची दोरी घेऊन आडवी झाली. घंटा ठणाणा वाजली, सगळे धावले.

साहेब रागावले नाहीत. "गुडघे थकले तुमचे. खिडकीवर बसा," म्हणाले. आज उत्तर द्यायचं होतं.

"त्यांना गुडघे वाटले ना? वाटू दे," लेक डबा भरत म्हणाली. "सुटलीस."

"गुडघे ठणठणीत आहेत माझे. आभाळ खाली होतं गं."

"कुठे खाली?"

"पाण्यात. इतकी वर्षं माझ्या पाठीशी होतं, आणि मी लोकांच्या पिशव्या बघत बसले."

लेकीचा हात थांबला. "हे साहेबांना सांगणारेस? पहारा सोडून चित्र बघत होते म्हणून? अगं, खिडकीही जाईल आणि दालनही."

आईनं गणवेशाची वरची गुंडी लावली.

"आई, गुडघेच म्हणशील ना?"

आईनं डबा उचलला, चपला सरकवल्या आणि दार ओढून घेऊन ती जिना उतरू लागली.