कुलथीचं मडकं

बाबांच्या अस्थींऐवजी मी कुलथीचं बियाणं नदीपर्यंत घेऊन गेलो, आणि हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा महाराजांचे मंत्र अर्ध्यावर आले होते.

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून आम्ही ते मडकं गोठ्यात टांगलं होतं. बाबांचं बियाणंही गोठ्यातच असायचं. कीड लागू नये म्हणून राखेत घोळून, मडक्यात. दोन्ही मडक्यांची तोंडं बाबांच्याच जुन्या धोतराच्या फडक्यांनी बांधलेली. मी अकोल्याला ग्रंथपाल आहे. हजारो पुस्तकांतून हवं ते डोळे मिटून काढतो. इथे दोनांतून एक उचलायचं होतं.

ही कुलथी, म्हणजे कुळीथ, साधी नव्हती. तिवशाजवळच्या आमच्या बरड तुकड्यात, जिथे सोयाबीन हात टेकतं, तिथे बाबा ती पेरत. गाव हसायचं. मग एका कोरड्या साली सगळ्यांचं सोयाबीन करपलं आणि तेच गाव आमच्या ओसरीवर कुलथी मागायला बसलं. (मुतखडेवाले तर आधीपासूनच येत.) हे जुनं वाण आता आसपास कोणाकडेच उरलं नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं बी एका मडक्यात, आणि ते मडकं वर्धेच्या पाण्यावर माझ्या हातात.

"सोडा आता," महाराज म्हणाले.

मी फडकं काढलं, राखेत बोटं घातली. गुळगुळीत, चपटे दाणे.

"सोड लेका," काका मागून म्हणाले. "दादाले मोकळं कर."

"थांबा."

"काहून?"

काकांना खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. (वय वर्षे एकावन्न.) मी मडकं पोटाशी धरून गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. आत्या रडू लागली. "बापावर लय जीव होता पोराचा," कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात त्याहून मोठी भीती माझ्या डोक्यात शिरली. बी इथे आहे, तर बाबा कुठे आहेत?

आमचा धुरेकरी पांडुरंग, बांधाला बांध लागून वावर असलेला. त्याला बाबांनी जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, यंदा वाफसा आला की अर्धं बी तू पेर, एकाच वावरात ठेवण्यात धोका असतो. वाफसा त्याच सकाळी आला होता. मी काठावर येऊन फोन लावला.

"पांडुरंग, बियाणं नेलं का तू?"

"नेलं ना भाऊ. तुह्या मायनं सांगतलं, गोठ्यात हाय. आता वावरातच हावो, तिफण जुपून राहिलो."

"मडकं उघडलं?"

"नाई अजून. पण लय हलकं लागून राहिलं. अन् आतून खडखड वाजते. भुंगा लागला का काय?"

उभ्या जन्मात बाबांनी दुसऱ्याच्या धुऱ्यावर पाय ठेवला नव्हता. आता त्यांना शेजाऱ्याच्या तासात पेरलं जायला दहा मिनिटं उरली होती.

"हात लावू नको त्याला. आणि खाली ठेवू नको."

"हात नाई लावाचा अन् खालीबी नाई ठेवाचं? एक काईतरी सांग ना भाऊ."

"पांडुरंग, त्यात बाबा आहेत."

पलीकडे बैल सोडल्याची घुंगरं वाजली. मग तो "येतो," एवढंच म्हणाला.

आता काकांना सांगणं भाग होतं. त्यांनी मडक्यात हात घालून दाणे बघितले. महाराज म्हणाले, मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणावे लागतील.

पांडुरंग भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून आला. अनवाणी, मडकं दोन्ही हातांत धरलेलं. वाटभर तो बाबांची माफी मागत आला होता, असं त्याच्या भावाने सांगितलं. अस्थी नदीत सोडल्या. काकांनी माझ्या हातातलं बियाणं न विचारता काढून घेतलं आणि पांडुरंगाकडे दिलं.

"अर्धं तू पेर, अर्धं आमच्या बरडात. तूच पेर. ह्याले राहू दे."

कुलथी दोन्ही वावरांत उगवली. अकोल्याहून दर रविवारी मी ती बघायला जायचो, उगवली नसती तर कोणाला तोंड दाखवणार होतो? नदीवरचा प्रकार आईला कोणी सांगितला नाही, असा माझा समज होता. शेंगा भरल्या तेव्हा तिला बरडात घेऊन गेलो. तिने एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"एक सांगून ठेवतो बाप्पा. माह्या वक्ताले मडकं आणायले पांडुरंगाले धाडजो. तू आपली पुस्तकं पाह्य."