सांगलीहून आणलेलं औषध

मला फिट येते. एवढंसं वाक्य मोठ्याने म्हणायला मला चाळीस वर्षं लागली आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

विट्यात आमच्या घरापासून औषधाचं दुकान शंभर पावलांवर आहे, भर चौकात. तरी माझ्या गोळ्या यायच्या सांगलीहून. हा आईचा हट्ट. "हितं घेतल्या तर सांजंपतूर गावभर हुईल," म्हणायची. म्हणून महिन्यातून एकदा दोन तास एसटीत बसायचं, पाकिटातल्या गोळ्या काढून कॅल्शियमच्या डबीत भरायच्या, पाकीट तिथेच फेकायचं आणि परत यायचं. आई गेली तरी मी हा मूर्खपणा सोडला नाही. अकरा वर्षं बालवाडीत शिकवत होते, पोरांना खरं बोलायला सांगत होते, आणि पर्समध्ये ती डबी.

शेजारच्या काकूंची नात माझ्याच वर्गात होती. काकूंचा मुलगा आणि सून सोनं गाळायच्या धंद्यासाठी दूर तमिळ मुलखात, आणि पोरगी आजीपाशी. पाच वर्षांची, तोंडाचा पट्टा सतत चालू. पण गाणं म्हणता म्हणता मध्येच थांबायची. डोळे उघडे, नजर कुठेच नाही, पापण्या फडफडतायत. दहा-पंधरा सेकंद. मग काही झालंच नाही अशी पुन्हा गायला लागायची. दुसऱ्या बाई म्हणायच्या, हिचं लक्षच नसतं. मला कळलं. मला नाही कळणार तर कुणाला?

एका संध्याकाळी काकूंकडे गेले, दार लोटून घेतलं. "काकू, पोरीला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. घाबरू नका. मला बी हाय हे. औषधानं थांबतंय." घराबाहेरच्या कुणाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. काकूंनी चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चार बायका घेऊन बालवाडीच्या दारात हजर. "हिला फेफरं हाय! आन् आमच्या पोरीवर ढकलतीया! असल्या बाईच्या हवाली लेकरं द्यायची व्हय?" बालवाडी चालवणाऱ्या बाईंनी मला आत घेतलं आणि म्हणाल्या, काही दिवस विश्रांती घ्या. काही दिवस! अकरा वर्षांत तिथे मला एकदाही फिट आली नव्हती, पण ते विचारतो कोण? मदतनीस बाईंनी माझा पाण्याचा पेला दोन बोटांनी उचलून पिशवीत घालून दिला. फिट काय पेल्यातून लागते?

काकूंना काय काय बोलायचं ते मी तीन महिने घोकत होते. एकेक शिवी घासूनपुसून ठेवली होती. आणि मग सांगलीत, त्याच नेहमीच्या दुकानात, माझ्यापुढे पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई उभी. दुकानदाराने औषधाचं नाव घेतलं. माझंच औषध, फक्त लहान मुलांसाठी पातळ. बाई बाटली घेऊन वळल्या. काकू.

म्हणजे माझं म्हणणं त्यांना पटलं होतं. मला हाकलून लावल्यावर पटलं होतं.

घोकलेलं सगळं राहिलं बाजूला. तोंडातून निघालं, "रोज देताय न्हवं?"

काकूंनी माझा हात धरला. "कुणाला बोलू नगंस, बाय. पोरीची जात हाय. उद्या कोण करून घील तिला?"

"आन् मी कुणाची पोर न्हवती व्हय, काकू?"

काकू उलट म्हणाल्या, "माझं गुडघं लय दुखत्यात. तू येतीसच की हितं. पोरीची बी बाटली आणत जा."

माझं डोकंच फिरलं. "आणीन. पण हितनं न्हाई. आपल्या चौकातनं, सगळ्यांदेखत." काकूंनी हात सोडला आणि स्टँडच्या दिशेने चालू लागल्या.

त्या महिन्यापासून मी चौकातून गोळ्या घ्यायला लागले. डबी कचऱ्यात टाकली. गावाने चार दिवस चघळलं, मग त्याला दुसरं काही मिळालं. नोकरी मात्र परत मिळाली नाही.

परवा सकाळी काकूंच्या अंगणातून हाक आली, "चप्पल आणा, आवं, चप्पल आणा कुणीतरी!" धावत गेले. पोरगी फरशीवर, हातपाय झटके देतायत, तोंडाला फेस. कुणी तिचे पाय दाबून धरलेले आणि एक बाई तिच्या नाकाला चप्पल लावतेय. फिटनंतर डोळे उघडताना नाकात चपलेचा वास आणि भोवती सगळी गल्ली, हे काय असतं ते मला माहीत आहे. ती चप्पल हिसकावून मी रस्त्यावर भिरकावली. "पाय सोडा! सरका सगळ्या!" पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी घातली. दोन मिनिटांत झटके थांबले.

"औषध?" मी विचारलं.

काकू रडत होत्या. "आठ दिस झालं संपून. सांगलीला जायाला जमलंच न्हाई."

आठ दिवस! शंभर पावलांवर दुकान, आणि पोरगी आठ दिवस औषधाशिवाय. मी काकूंवर जे ओरडले ते इथे लिहीत नाही. "चिठ्ठी आणा," शेवटी म्हणाले.

काकूंनी जमलेल्या बायकांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि आत गेल्या. घड्या घालून घालून बोटाएवढी केलेली चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "हळू माग तिथं," कानात म्हणाल्या.

दुकानात गर्दी होती. मी चिठ्ठीच्या सगळ्या घड्या उलगडल्या आणि समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "फिटचं औषध द्या. लहान मुलीसाठी."

दुकानदाराने नुसता हात लांब केला. बाटली पुढच्याच फळीवर होती.