शेवाळ जिथं संपलं
समुद्राचा अभ्यास करणाऱ्या लेकीने समुद्रातल्या प्रवाळांवर माजलेल्या शेवाळाचा फोटो पाठवला. त्यावरून पाण्यात खत किती उतरतंय ते कळतं म्हणे. मला एका दुष्काळातला नेकनूरजवळचा आमचा ओढा आठवला. गावाला पिण्यापुरता एकच डोह उरला होता, तोही शेवाळाने हिरवा झाला. संशय दूध सोसायटीचा चेअरमन असलेल्या माझ्या मावसभावावर गेला, तेव्हा त्याने देवळात बेलभंडारा उचलला, "गोठ्याचं पाणी मी ओढ्यात सोडत न्हाई." शपथ खोटी निघाली तर गावाच्या पाण्याचा खर्च माझा, असं म्हणून मी गावासमोर जामीन राहिलो. मग शेवाळाच्या मागाने ओढ्याच्या उरलेल्या बारीक धारेतून वर चालत गेलो. त्याच्या गोठ्याच्या पाइपाशी ते संपलं. पाइपाच्या वर पाणी नितळ होतं. "दादा," तो शांतपणे म्हणाला, "मला वाटलं तुमाला ठावं हाय, म्हनूनच जामीन राह्यलात." जामीन मीच होतो, म्हणून उन्हाळाभर टँकरवाल्याला पैसे मी दिले.