खिरापतीच्या डब्याचा आवाज

बायको जाऊन वर्ष झालं. तिचा आवाज आता एका कॅसेटवर उरला आहे, भुलाबाईच्या गाण्यांचा. गाणी संपली की ती खिरापतीचा डबा हलवते आन् गल्लीतल्या पोरींना विचारते, "वळखा, काय हाय?" आवाजावरून खाऊ ओळखायचा, अशी आमच्याकडची रीत. पोरी म्हणतात शेंगदाणे, फुटाणे. ती म्हणते, "नाई." तिथंच टेप बंद. लाइट गेली होती, असं मी पोरांना सांगत आलो.

कॅसेटचा डेक चालू आहे, पण आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर जळाला. पोरगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवर नवा मांगवतो."

"ऐकल्याबिगर घेत नाई मी."

डेक पिशवीत घालून परतवाड्याहून अमरावतीला गेलो. पहिल्या दुकानात स्वस्तातलं मशीन लावलं, निळे लाइट लुकलुकणारं.

"बाबाजी, याचा बास पाहा! छाती हालते," दुकानदार म्हणाला.

छाती हालली. बायको मात्र विहिरीतून बोलून राहिली होती.

"मले काय वरात काढाची हाय?" म्हणालो.

दुसऱ्या मशीनवर तिचा आवाज चिरका, पत्रा घासल्यासारखा. तिसरं लावूच दिलं नाही. फीत जुनी आहे, दर खेपेला झिजते. तुटली तर मग काहीच नाही.

आठ दिवसांनी अकोल्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं एक साधं काळं मशीन पुढं ओढलं. "याले रिसिव्हर म्हंतात, काकाजी. ॲम्प्लिफायर याच्यातच हाय. चमकत नाई म्हून कोनी घेत नाई. भावात त्या चमकनाऱ्याइच्याच बरोबरीचं हाय."

त्यानं डेकच्या लाल-पांढऱ्या पिना खोचल्या. बायको बोलली, अगदी समोर बसल्यासारखी. डबा खडखडला, हलका, कोरडा.

"खोबरं!" मी मोठ्यानं म्हणालो.

पोरी हसत होत्या. ती "नाई" म्हणाली. मग मागून एका माणसाचा आवाज आला. जुन्या मशीनवर तिथं नुसती घरघर वाटायची.

"पुरे झालं आता तुह्यं! भाकरी कोन टाकीन?"

पोरी एकदम गप्प झाल्या. खटका पडला.

तो मी होतो. लाइट कुठली गेली? मीच बटन दाबलं होतं, आन् विसरलो होतो.

दुकानदारानं मशीनच्या एका बटनावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "काकाजी, मांगचा मानूस दाबू का? हे बटन फिरवलं का तो कमी होते."

"आन् तिचा आवाज?"

"थोडासा तोबी दबन."

"मंग राहू दे."

तेच मशीन घेतलं. घरी लावलं तेव्हा पोरगा जवळ बसून होता. शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. खटका पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, लाइट गेल्ती ना?"

"नाई," म्हणालो. "मी होतो."