टिटवी आणि तरवड

लग्न होऊन निमगाव साव्याला आले, त्या वर्षी नवरात्रात घटाच्या माळेसाठी फुलं आणायचं काम माझ्याकडे आलं. तरवडाची पिवळी फुलं. माळावर तरवड कुणी लावत नाही, मेंढरंही त्याला तोंड लावत नाहीत, तरी तो फुलतो. माझं माहेर घोडेगावच्या वर, डोंगरात. तिथं मी हे झाड पाहिलं नव्हतं.

टिटवी मात्र ओळखीची होती. मी फुलं खुडू लागले की ती पिवळ्या पायांवर पुढं पुढं पळायची आणि ओरडायची. दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच. घरात सासूबाई आणि जाऊबाई आपसांत बोलत, मी ऐकत असे. नवरा भोसरीला कंपनीत होता. दसऱ्याला येतो म्हणाला होता.

एका सकाळी टिटवी ओरडत आमच्या घरावरून गेली. आमच्या डोंगरात टिटवी ओरडली की वाटेनं कुणीतरी येतंय असं धरतात. मी हरखून आत गेले आणि पहिल्यांदाच आपणहून बोलले, "आत्याबाई, टिटवी घरावरनं गेली. हे येणार वाटतं."

"घरावरनं गेली आन् हसत सांगतीस?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात टिटवी वरडली की घरातलं माणूस जातं."

जाऊबाई म्हणाल्या, "इतकं दिस तोंड उघडलं न्हाई, आन् उघडलं ते असलं. त्यापरीस तरवड बरा बाई. गप फुलतो, देवाच्या कामी येतो."

त्यानंतर मी माळावर गेले की तरवड आणि टिटवी, दोघांकडे बघत बसे. एकाच उघड्या जमिनीवरची दोघं, अंगावर पिवळाही सारखाच. एकाला घटावर जागा, दुसरीला दगड.

दसऱ्याला सासूबाई सकाळपासून ओट्यावर होत्या आणि मी दाराआड. शेवटच्या एसटीतून भोसरीलाच कामाला असलेला गावातला एक जण उतरला. म्हणाला, "ओव्हरटाइम लागलाय त्याला. दिवाळीला बघू म्हणला."

"तब्येत बरी हाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"लई बरी. वजन वाढलंय."

सासूबाईंनी देवाकडे हात जोडले. टिटवी त्यांचीही खोटी ठरली होती आणि माझीही. त्यांना त्याचा आनंद झाला. जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा पोळी मागून घेतली, आणि ती वाढायला मी उठले.